पैलवानाच्या मापाची होडी

बाजीरावांची कुस्ती सुटली आणि अंगही सुटलं. निमगाव केतकीत त्यांना अजून पैलवानच म्हणत. पूर्वी तोंडाकडं बघून म्हणत, आता पोटाकडं बघून म्हणत, एवढाच फरक.

त्यांचा मुलगा यशराज मालवणला असायचा. पर्यटकांना कयाकमधून समुद्रावर न्यायचा. कयाक म्हणजे एकट्या माणसाची लांबुडकी होडी. वरून बंद, मधोमध बसायला भोक, हातात दुतोंडी वल्हं. घर सोडून गेल्यापासून बापाशी त्याचं बोलणं सणासुदीला "बरं हाय का?" एवढंच. आणि एक दिवस त्याचा आपणहून फोन आला.

"आबा, हिकडं या. दोघं मिळून समुद्रावर जाऊ. तुमच्यासाठी होडी बघतोय. वजन किती?"

"तुला काय करायचंय?"

"भारी माणसाला खोल पोटाची, रुंद तोंडाची होडी लागती. नुसता भार पेलून भागत न्हाय, मांड्या आत नीट बसाव्या लागत्यात. दुकानात दोन हायत. तुमी सांगा, मग ठरवतो."

बायको पुतळाबाई शेजारीच भाजी निवडत होती. सोप्यात जुना दोस्त, डाळिंबाचा व्यापारी सोमनाथ चहा पीत होता.

"पंच्याण्णव," बाजीराव म्हणाले. ते वजन आखाड्यातल्या दिवसांचं होतं.

फोन ठेवल्यावर पुतळाबाई म्हणाली, "आवं, पंच्याण्णव तर तुमचं एकट्या पोटाचंच भरंल."

"तू गप. लेकापुढं बापाची लाज काढू नगं."

यशराज जीपच्या टपावर निळी होडी बांधून आला. समुद्राआधी घरच्या पाण्यात बघू, म्हणून तिघं उजनी धरणाच्या फुगवट्यावर गेले, बापलेक जीपनं आणि मागनं फटफटीवर सोमनाथ. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण तमाशा चुकवील तर तो सोमनाथ कसला.

बाजीराव काठालगत होडीत बसले. बसले म्हणजे कंबर भोकात रुतली आणि मांड्या वरच राहिल्या. यशराजनं खांदे दाबले, गुडघे दाबले, तेव्हा कुठं आत सरकल्या. पाणी होडीच्या काठाला येऊन टेकलं.

"पैलवान, होडीला चीतपट करताय का काय!" सोमनाथ खदखदला.

वल्ह्याचा एक हात मारला आणि होडी उलटली. डोकं पाण्याखाली, मांड्या भोकात अडकलेल्या. छातीभर पाण्यात शिरून यशराजनं बापाला ओढून काढलं. मांड्यांवर लालभडक वळ उठले होते. सोमनाथचं हसू कधीच विझलं होतं.

मग यशराज म्हणाला, "आबा, जत्रंच्या कुस्तीआधी वजन उतरावं म्हणून तुमी मला पाणी देत नव्हता. ह्या सोमनाथतात्यांच्या काट्यावर उभं करायचा आन् भर बाजारात आकडा वरडून सांगायचा. मी चक्कर येऊन पडलो, तरी म्हणाला, अजून अर्धा किलो जास्त हाय."

"पळाला नसतास तर मानाची गदा आणली असतीस."

"ते ऱ्हाऊ द्या." यशराजनं ओल्या बाहीनं तोंड पुसलं. "दुसरी होडी मी ठेवून घ्यायला सांगितलीय. ती बसंल तुमाला. फकस्त खरं वजन सांगा. हितं कुणी वरडणार न्हाय."

बाजीरावांना खरा आकडा ठाऊक होता. तो जिभेपर्यंत आलाही. लेक वाट बघत उभा होता. त्याच्यामागं सोमनाथ, कान टवकारून.

"पंच्याण्णव," बाजीराव म्हणाले.

यशराजनं मान हलवली. होडीतलं पाणी ओतलं, ती एकट्यानं टपावर चढवली, दोर आवळला. "तात्या, आबांना घरी सोडा," एवढंच बोलला आणि गाडी घराकडं न वळवता सरळ हमरस्त्याला लावली.

घरी पुतळाबाईनं मटण शिजवलं होतं. दारातच तिनं विचारलं, "यश कुठाय?"

"गेला." बाजीराव ओल्या कपड्यांनिशी पाटावर टेकले. "त्याला होडी निवडाया येत न्हाय."