वर गेलेले, खाली आलेले

"अगं, बस की आता. मागे रांग लागलीय."

"थांब रे. हलतीय ही."

"हलणारच. हवेत लटकलीय ती."

म्हातारीचा एक पाय ट्रॉलीत होता, एक फलाटावर. दोन्ही हातांनी तिनं मुलाचं मनगट घट्ट धरलं होतं. त्याच हातात त्याचं मोजायचं यंत्र होतं. अंगठ्यानं दाबलं की टक, एक माणूस वर गेलं. रोपवेच्या खालच्या गेटवर एकोणीस वर्षं तो हेच करत होता. सगळे त्याला मीटर म्हणत.

"मला पण दाब की," आई म्हणाली.

"तू घरची. घरच्यांना पास असतो. पासवाले मोजत नाहीत."

"म्हणजे मी फुकट?" ती खूश झाली. चाळीस वर्षं तिनं हॉटेलातल्या प्रवाशांच्या चादरी धुतल्या होत्या. ती माणसं जे बघायला लांबून येत, ते तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. "उतरले की परस्पर धाकटीकडे जाते. दोन दिवस राहीन तिच्याकडे. तू माझी वाट बघत बसू नकोस."

ट्रॉली सुटली. आईनं डोळे गच्च मिटलेत, हे त्याला काचेतून दिसलं. हसू आलं.

मग पुढचे. टक. टक. टक.

*

पद्धत अशी होती. वर जाणारे मीटर मोजायचा. खाली यायला ट्रॉलीत बसणारे वरचा मोजायचा. हा वरचा म्हणजे डोंगरावरच्या स्टेशनातला माणूस. संध्याकाळी दोघं फोनवर आकडे जुळवायचे. एक जरी कमी भरला तरी वरचा टॉर्च घेऊन तिन्ही पॉइंट पालथे घालायचा. एकदा बायकोवर रुसलेला एक नवरा झाडामागून असाच निघाला होता.

आकडा जुळला की शोधायचं कारणच नसायचं.

एकोणीस वर्षांत वर कुणी राहिलं नव्हतं. मीटर हे नव्या लोकांना दोनदा सांगायचा.

*

दुपारी चारला धुकं आलं. वरून फोन.

"मीटर, इथं माझा हात मला दिसत नाही. आवरू या लवकर."

"गेले तीनशे बारा."

"आले तीनशे बारा. शेवटच्या ट्रॉलीच्या तीन शिट्ट्याही मारल्या. ह्याच ट्रॉलीनं मी येतो."

"ये. बंद करतो."

खाली उतरणारे पलीकडच्या दारानं बाहेर पडतात. गेटवरून त्यांचे चेहरे दिसत नाहीत. आई मघाशीच उतरून धाकटीकडे पोचली असेल, असंही मीटरच्या मनात आलं नाही. मनात आईच आली नाही. त्यानं कुलूप लावलं, ओढून पाहिलं, घरी जाऊन जेवला आणि छान झोपला.

*

सकाळी सातला धाकट्या बहिणीचा फोन.

"दादा, आईला आज तरी पाठव. काल जेवायची थांबले होते मी."

"दादा?"

"अरे, ऐकतोयस ना?"

*

पहिल्या ट्रॉलीतून तो एकटा वर गेला.

बाकावर नव्हती. कठड्यापाशी नव्हती. स्टेशनच्या बंद दाराला पाठ टेकून बसली होती. शाल डोक्यावरून घेतलेली. दारातलं पायपुसणं तिनं पायांवर ओढून घेतलं होतं आणि त्याच्या कडा चादरीसारख्या नीट खाली खोचल्या होत्या.

*

चौकशीला साहेब आले. एका बाजूला जबाब, एका बाजूला कागद.

मीटर म्हणाला: मी तिला स्वतः ट्रॉलीत बसवलं.
लिहिलं गेलं: मयत स्त्रीजवळ तिकीट नव्हतं.

वरचा म्हणाला: आईंना उतरताना बघितलं होतं. शेवटी दिसल्या नाहीत, तर वाटलं, मी जेवायला गेलो तेव्हा बदलीवाल्यानं बसवून दिलं असेल खाली. कमी ऐकू येतं त्यांना, हे मला ठाऊक नव्हतं.
लिहिलं गेलं: शिट्ट्या देण्यात आल्या.

मीटर म्हणाला: मी विसरलो.
लिहिलं गेलं: आकडे जुळले होते.

"साहेब, तीनशे तेरा लिहा. गेले तीनशे तेरा."

"पासाचा रकानाच नाही रे. आणि तुझ्याच भल्याचं लिहितोय मी. शेवटी काय घालू? स्वेच्छेनं वर थांबली, असं घालतो. वयस्कर माणसं करतात हट्ट. कर सही."

त्यानं सही केली.

*

धाकटीनं तो कागद वाचला. पुन्हा वाचला. आणि मग दोन महिने तेच धरून जगली. आई हट्टी होतीच. तिला आवडलं असणार वर. निघवलंच नसणार तिथून. येणाऱ्याजाणाऱ्याला ती हेच सांगायची आणि मीटर शेजारी बसून ऐकायचा.

एके दिवशी म्हणाली, "दादा, मला घेऊन चल. तिनं काय बघितलं ते बघू दे."

हवा लख्ख होती. दोघं बाकावर बसली.

"काय काय दिसतं रे इथून?"

"तो धबधबा. खाली नदी. तो मोठा सुळका, त्याला..." पाटीवर नाव होतं. त्यानं ते कधी वाचलं नव्हतं.

"बाई गं," धाकटी म्हणाली. डोळे पुसले, हसलीही. "इथून कोण उठणार? शिट्टी वाजली असेल आणि म्हणाली असेल, जा तुम्ही, मी बसते. आपली आई म्हणजे..."

"हट्ट नव्हता केला तिनं."

"काय?"

"बाकावर नव्हती ती. दाराशी येऊन बसली होती. यायचं होतं तिला खाली." पुढचं तो सुळक्याकडे बघत बोलला. "मी बसवलं तिला. मोजलं नाही. आकडा जुळला, कुलूप लावलं. विसरलो गं मी. कागदावर सही माझी आहे, पण ते खरं नाही."

वाऱ्यानं केस तोंडावर आले, धाकटीनं ते बाजूला केले नाहीत.

"दार वाजवलं असेल तिनं."

"हो."

"हाका मारल्या असतील."

"हो."

"कुणाला मारल्या असतील रे?"

ती बाकाच्या पार टोकाला सरकली.

"ताई, एक फोटो काढाल का आमचा?" समोर आठ-दहा जणांचं कुटुंब उभं होतं, नवे कोरे स्वेटर घातलेलं. एका माणसानं फोन पुढे केला होता. "मागे तो धबधबा येऊ दे."

मीटर उठायला लागला. पण धाकटी आधी उठली. बाहीनं तोंड पुसून तिनं फोन घेतला, चार पावलं मागे गेली.

"जवळ या जरा. अजून. उंच माणसं मागे." तिनं फोन वर केला. "सगळे आलेत ना? कुणी राहिलं नाही ना?"

ते एकमेकांकडे बघून हसले. मग त्यांच्यातला एकजण "अरेच्चा!" म्हणत वळला आणि लांब कठड्यापाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या आपल्या आईकडे पळाला.

तिला हळूहळू चालवत आणायला त्याला बराच वेळ लागला. तोवर धाकटी फोन डोळ्यांसमोर धरून उभी होती. हात तिनं खाली घेतला नाही.