तळ्यावरची पिवळी होडी

मित्रांनो, बागेच्या मागच्या कोपऱ्यात, पालापाचोळ्याच्या ढिगाशेजारी जी उपडी पडली आहे ना, ती मी. पायडल मारून चालवायची एक जुनी पिवळी होडी.

साच्यावर फायबरचे थर चढवून मला घडवले. मी या बागेतल्या तळ्यात उतरले तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच लागली होती. ऊन कलले की काठावर रांग लागे. नवी जोडपी येत, थकलेल्या आया येत, पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवणारी मुले येत. मला सांभाळायचे होडीवालेकाका. रोज सकाळी ते माझा तळ पुसत. "आपण जीव लावला की वस्तूही जीव लावते," असे म्हणत. ते ऐकून मला फार बरे वाटे.

बारा उन्हाळे गेले. काठाच्या दगडांवर आपटून माझ्या तळाला तडा गेला. काकांच्या तो लगेच लक्षात आला. ते बागेच्या साहेबांना म्हणाले, "साहेब, हिला बाहेर काढायला हवं. पाणी झिरपतंय."

"ऐन सुट्टीत? लोक आधीच ताटकळतात," साहेब म्हणाले. "लांबी भरा, वरून रंग मारा. बाकीचं पावसाळ्यात बघू."

तड्यात लांबीचा लगदा भरला, वरून रंग मारला. मी नवीकोरी दिसू लागले.

त्या रविवारी एक आजोबा आपल्या सात वर्षांच्या नातीला घेऊन आले. तरंगायच्या जाकिटांपैकी एकाचेच बंद धड होते. ते आजोबांनी नातीला घातले. काका घुटमळले. रांगेतून कोणीतरी म्हणाले, "आवरा की हो, आम्हीपण आहोत." काकांनी दोरी सोडली.

तळ्याच्या मध्यावर तड्यातली लांबी निघाली.

"आजोबा, माझे पाय भिजले."

"घाबरू नकोस. मला घट्ट धर," म्हणत आजोबा जोराने पायडल मारू लागले. मी जड होत गेले आणि कलंडले. काका अंगावरच्या कपड्यांनिशी पोहत आले. आजोबांनी नातीला त्यांच्याकडे ढकलले. "आधी हिला न्या." मग ते मला धरू लागले. पण रंगाने मी गुळगुळीत झाले होते. त्यांची बोटे माझ्या अंगावरून निसटली. काका परत येईपर्यंत माझ्याजवळ कोणी उरले नव्हते.

चौकशी झाली. साहेबांची बदली झाली. काका एवढेच म्हणाले, "मी सांगितलं होतं. पण दोरी मीच सोडली." त्यानंतर ते बागेत आले नाहीत.

एके दिवशी त्या मुलीचे वडील आले. त्यांनी माझ्या तड्यावरून बोट फिरवले. तो वीतभरही नाही. "एवढासाच?" ते म्हणाले.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे माझे मागणे नाही. पण झोपाळ्याची कडी झिजलेली दिसली, घसरगुंडीचा पत्रा उचकटलेला दिसला, तर मोठ्यांना सांगा. त्यांनी 'नंतर बघू' म्हटले, तर तिथे बसू नका आणि दुसऱ्यालाही बसू देऊ नका. लोक रागावतील. रागावू द्या.