एक वाक्य मावणारा फळा

मित्रांनो, मी एक जुना, अरुंद, काळा फळा आहे आणि माझ्या अंगावर एका वेळी एकच वाक्य मावतं. पण अशाच एका वाक्याने एकदा भोपाळमधला भर रस्ता अडवला होता! ते आठवलं की माझं लाकूड आजही शहारतं.

कारखान्यात परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येत, त्या खोक्यांच्या फळ्यांपासून सदाशिव सुताराने मला घडवलं. त्याने दोन फळ्या जोडल्या, रंधा मारला, काळा रंग दिला आणि मला वसाहतीतल्या मराठी मंडळाच्या फाटकावर टांगलं. वसाहत आनंद नगरच्या अलीकडे होती. नागपूर, अमरावती, पुणे अशा ठिकाणांहून नोकरीसाठी आलेली कुटुंबं तिथे राहत. पहिल्या पाळीचे कामगार सायकलवरून माझ्यासमोरूनच जात. कोजागिरी कधी, नाटकाची तालीम कुठे, हे त्यांना मी सांगायचो. सगळे म्हणायचे, "फळ्यावर बघा." मला किती मोठं वाटायचं!

मंडळाच्या दहाव्या वर्षी एका सभासदाने फिल्मचा छोटा कॅमेरा आणला. फिल्म मात्र जेमतेम एका छोट्या चित्रपटापुरती होती, आणि गोष्टी घेऊन सगळी वसाहत धावली! चिटणीस गोपीनाथराव हैराण झाले. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "ज्याने त्याने आपली गोष्ट फळ्यावर एका वाक्यात लिहायची. जे वाक्य वाचून सायकली थांबतील, तो चित्रपट आपण करू."

म्हणजे परीक्षा माझ्या अंगावर होणार होती!

श्रीकांत नावाच्या तरुण इंजिनिअरने लिहिलं, "हिऱ्यांचा तस्कर आणि शूर पोलीस." काही सायकली हळू झाल्या. दुसऱ्या दिवशी मनोरमाबाईंची पाळी होती. त्या कारखान्याच्या कचेरीत कारकून होत्या. लहानपणापासून त्यांना चित्रपट करायचा होता आणि अशी संधी पुन्हा येणार नव्हती. त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, "एका विधवेच्या दुःखाची करुण कहाणी."

एकही सायकल थांबली नाही. एका फिटरने तर वाचता वाचता जांभई दिली. मनोरमाबाई फाटकाआड उभ्या राहून बघत होत्या. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मला माझीच लाज वाटली.

"उद्या सकाळी आणखी एकदा लिहा," गोपीनाथराव म्हणाले. "नाही जमलं, तर श्रीकांतचा तस्कर."

संध्याकाळी नीळकंठराव आले. मंडळाच्या प्रत्येक नाटकात खलनायक तेच असत. आवाज खर्जातला, भुवया जाड. ते रंगमंचावर आले की पोरं हुर्यो करत.

"माझं काम काय यात?" त्यांनी विचारलं.

मनोरमाबाई म्हणाल्या, "नवरा गेल्यावर एक बाई कारखान्याने त्याला दिलेल्या क्वार्टरमध्येच राहतेय. मुलाची मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आहे. आणि तुम्ही तिला बाहेर काढायला येता. भांडी फेकता, मोठ्याने हसता."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही दुष्ट आहात."

"मनोरमाबाई, हा माणूस सकाळी चहा पिताना स्वतःला काय म्हणत असेल? 'चला, आज दुष्टपणा करू या' असं म्हणत असेल का?"

मनोरमाबाई फाटकाच्या पायरीवर बसल्या. नीळकंठराव माझ्याशेजारी भिंतीला टेकले.

"मी गोविंदपुऱ्यात पत्र्याच्या खोलीत राहायचो," ते म्हणाले. "मुलगी तान्ही होती. उन्हाळ्यात तिचं अंग फोडांनी भरायचं. किती वर्षं वाट बघितली, तेव्हा माझ्या नावावर क्वार्टर निघालं. सामान घेऊन गेलो, तर आधीचं कुटुंब अजून तिथेच. दार उघडणाऱ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, यांच्या गोष्टीतला राक्षस मीच! पण माझ्या गोष्टीत मी फक्त एका मुलीचा बाप होतो हो."

मनोरमाबाई ताडकन उठल्या. "थांबा, थांबा! म्हणजे त्यालाही तेच घर हवंय! आणि त्याचंही बरोबर आहे!"

त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं. मग लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. खडूचे तुकडे पायाखाली पडले. शेवटी माझ्या अंगावर काठोकाठ हे वाक्य बसलं: "मुलाची परीक्षा होईपर्यंत क्वार्टर सोडणार नाही म्हणणारी विधवा, आणि तेच क्वार्टर रीतसर मिळालेला, तान्ही मुलगी घेऊन दारात उभा असलेला माणूस."

मित्रांनो, काय ती सकाळ! पहिली सायकल थांबली. तिच्यावर दुसरी आदळली. बघता बघता फाटकापुढे ही गर्दी!

"बाईनेच राहायला हवं. पोराचं वर्ष जाईल."

"आणि त्या तान्हीचं काय? तिने रस्त्यावर राहायचं?"

"अरे भैया, ये मराठी में क्या लिखा है?" एकाने विचारलं. अर्थ कळल्यावर तोही सायकल लावून भांडायला लागला. "फिर? आगे क्या हुआ?"

कारखान्याचा भोंगा वाजला तरी कोणी हलेना. श्रीकांत स्वतः मनोरमाबाईंजवळ आला आणि म्हणाला, "कॅमेरा मी धरतो. पण आधी सांगा, घर कोणाला मिळतं?"

"मलाच अजून माहीत नाही!" मनोरमाबाई हसत म्हणाल्या.

चित्रीकरणाला मलाही नेलं. दर वेळी माझ्यावर दृश्याचं नाव लिहून मला कॅमेऱ्यापुढे धरत. विधवेचं काम शालिनीताई करत होत्या. नीळकंठराव शेजाऱ्यांची तान्ही मुलगी कडेवर घेऊन उन्हात उभे राहिले. शालिनीताईंनी त्यांच्या तोंडावर दार लावायचं, एवढंच ठरलं होतं. त्यांनी दार लावलं. मुलीने टाहो फोडला. आणि दार पुन्हा उघडलं! शालिनीताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. नीळकंठरावांनी तो घेतला. दार परत बंद झालं.

"हे लिहिलेलं नव्हतं," श्रीकांत पुटपुटला.

"कॅमेरा थांबवू नकोस," मनोरमाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

चित्रपट त्याच बंद दारावर संपवला. मंडळाच्या सभागृहात पांढऱ्या चादरीवर तो दाखवला, तेव्हा मी दाराशीच होतो. चित्रपट मुका होता. नीळकंठराव दिसले, पण कोणी हुर्यो केली नाही. दिवे लागल्यावर एक म्हातारी बाई गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आली आणि काळजीने विचारू लागली, "भाऊ, मिळालं का हो तुम्हाला घर?"

त्या थोराड माणसाने वाकून तिला नमस्कार केला.

पुढे टीव्ही आला, छापील पत्रकं आली. मला काढून अडगळीत टाकलं. माझ्यावर बॅडमिंटनची फाटकी जाळी होती, रंगाचे डबे होते. सांध्यात पाणी शिरलं आणि मी मधोमध उकललो. एके काळी रस्ता अडवणारा मी, आणि आता मला कोणी वाचतही नव्हतं.

पण या उन्हाळ्यात अलकाताईंनी मला शोधून काढलं! त्या भोपाळमध्येच शाहपुऱ्यात मुलांना पटकथा शिकवतात आणि मला त्यांनी आपल्या वर्गात नेलं. मुलांना त्या म्हणाल्या, "अशा वाक्याला आता लॉगलाइन म्हणतात. यात नुसतं माणसाचं वर्णन नको. त्याला काय हवंय आणि कोण आडवं येतंय, ते हवं." काल एका मुलीने माझ्यावर लिहिलं, "सत्तराव्या वर्षी पोहायला शिकायला निघालेली आजी, आणि काळजीपोटी रोज तिची चप्पल लपवणारी तिची सून."

मित्रांनो, मला कोरडं ठेवा. रंगाचा एक हात द्या, सांध्याला खिळा मारा. आणि त्या मुलीला कोणीतरी लवकर बोलवा हो, आजी पाण्यात उतरली की नाही, ते मला कळायलाच हवं!