चमचाभर बुद्धी

"ताई, चित्र काढताना लेकीच्या रेषा थरथरताहेत. झोप होते ना तिची नीट?" शाळेच्या फाटकात चित्रकलेच्या बाईंनी विचारलं होतं. "परीक्षेचं टेन्शन हो," म्हणत मी हसून पुढे गेले.

टेन्शन कसलं! महिन्याभरापूर्वी याच शाळेच्या हॉलमध्ये स्मरणगुरू अवतरले होते. हॉल मुलांच्या आयांनी खच्चून भरलेला. गुरूंनी मुलांना वीस शब्द वाचून दाखवले. कुणाला सात आठवले, कुणाला आठ. मग प्रत्येकाला चमचाभर तपकिरी पूड. जरा वेळाने तेच वीस शब्द पुन्हा वाचले, तर चौदा, पंधरा! टाळ्याच टाळ्या.

"चहा नाही, कॉफी नाही, निव्वळ रानातलं बी!" गुरू गरजले. "खोटं वाटतं? महिनाभर घ्या नि दोन दिवस बंद करून बघा. डोकं ठणकलं की समजा, बुद्धी हाका मारतेय!"

कॉलेजात प्रयोगवही नेटकी ठेवणारी मी. लेकीला चहाचा घोटही न देणारी. डबा घेतला आणि दिवसाला तीन चमचे सुरू केले. एकदा डबा संपला. दुसऱ्या दिवशी लेक डोकं धरून रडली. मी धावत नवा डबा आणला, तासाभरात डोकेदुखी उतरली. मला भरून आलं. तीन मैत्रिणींना डबे मीच नेऊन दिले.

मग एका दुपारी शाळेतून फोन. दवाखान्यात लेक चित्रकलेच्या बाईंना बिलगून बसली होती. "आई, छातीत कुणीतरी पळतंय."

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली. "चहा-कॉफी देता?"

"छे! थेंबही नाही. फक्त ही पूड. नैसर्गिक आहे." मी पर्समधला डबा पुढे केला.

"धोतराही नैसर्गिकच असतो." त्यांनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. "या बियांत कॉफीतलंच कॅफीन असतं, त्याहून जास्त. तुमचा एक चमचा म्हणजे कडक कॉफीचा कप. नऊ वर्षांच्या पोरीला रोज तीन!"

"आणि ते डोकं दुखणं?"

"तलफ. सवय लागली होती तिला."

गुरूंच्या शाळेतल्या पुढच्या मेळाव्यात चित्रकलेच्या बाई उभ्या राहिल्या. "गुरुजी, काल माझ्या वर्गाला मी तेच शब्द दोनदा वाचून दाखवले. मधे नुसतं पाणी पाजलं. दुसऱ्यांदा पंधरा आले! तेच पुन्हा ऐकलं की कुणालाही जास्त आठवतं. आज पूड देऊन नवे शब्द वाचा."

गुरू घाम पुसत म्हणाले, "आज बुद्धीचा वार नाही."

हॉल खो खो हसला. मला हसू आलं नाही. असा एक प्रश्न मीही आधीच विचारायला हवा होता.

लेक आता शांत झोपते. पण मी मैत्रिणींच्या दारोदार फिरले. दोघींनी डबे फेकले. तिसरी म्हणाली, "तुझ्या लेकीला सोसलं नसेल, माझ्या लेकीला सोसतंय," आणि दार लावलं. तो डबा मी दिलेला आहे.

ही पूड झोप उडवते, हुशारी देत नाही. 'रानातलं' म्हटलं तरी आत काय आहे, किती आहे, हे विचारायलाच हवं. तुमच्या घरात, शेजारी एखादं मूल असे चमचे घेत असेल. आजच त्याच्या हातात पेन्सिल द्या, एक रेष ओढायला सांगा आणि हाताकडे नीट बघा. मी बघितलं नव्हतं.