सारखेपणाचे टक्के

परळच्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेणाऱ्या सुचित्राबाईंनी जर्नल तपासण्याच्या दोन्ही ऑनलाइन प्रणाली नीट पारखून घेतल्या होत्या. एकीत मुलांच्या पानावर लाल खुणा करता येत, पण प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागे. दुसरी आपणच गुण देई आणि कुणाचं लिखाण किती जुळतं त्याचे टक्केही सांगे. बाईंनी पहिलीची शिफारस केली. चाचणी खोट्या नमुन्यांवर घेणं त्यांना पटेना, म्हणून वर्गाची खरी जर्नल्सच दोन्हीकडे चढवायला लावली. तिथेच घात झाला. कॉलेजच्या खरेदी कमिटीने दुसरी घेतली आणि चाचणीतले गुण जसेच्या तसे परीक्षा विभागात गेले.

त्या वर्गातल्या दुर्गाला शून्य मिळालं. नक्कल केली म्हणून.

"अरे, नक्कल बाकीच्यांनी केलीय," बाई पुष्करला म्हणाल्या. कमिटीचा कारभार या तरुण सहकाऱ्याकडे होता. "हुशार मुलीचं जर्नल वर्गभर फिरतं, तुला माहीत नाही? तिच्या हातात ते शेवटी आलं, तिने शेवटी चढवलं, म्हणून प्रणालीला तीच चोर वाटली."

"मग त्यांचं कसं सुटलं?"

"उतरवताना एखादा आकडा, एखादं वाक्य बदलायचं, ही त्यांची जुनी विद्या. हिने काहीच बदललं नाही. कशाला बदलेल? रीडिंग तिचंच होतं. माझ्यासमोर घेतलंय तिने."

"मान्य. द्या लिहून. पण मग वर्गातल्या सगळ्यांचा निकाल अडकतो. करताय सही?"

बाईंनी उघडलेलं पेन परत मिटलं.

"त्यापेक्षा तिला बदलून परत चढवू दे ना, मॅडम. संध्याकाळपर्यंत पोर्टल उघडं ठेवतो. तीस टक्क्यांच्या खाली आलं की पास. नाहीतर टर्म गेली."

निरोप मिळताच दुर्गा जवळच्या नायगावहून चालत आली. प्रयोगशाळेत स्टूल ओढून बसली.

"मॅडम, घरी फोन केलात?"

"नाही."

"बरं झालं. पप्पांनी अख्ख्या चाळीला सांगून ठेवलंय, पोरगी एमएस्सी करणार म्हणून."

ती मोबाइलवर लिहायला लागली. वाक्यं उलटीपालटी झाली. ब्युरेटची 'काचेची उभी नळी' झाली. टिकणारी फिकट गुलाबी छटा म्हणजे अभिक्रिया संपल्याची नेमकी खूण. त्या छटेचं 'थोडा रंग आला' झालं. बाईंचा हात ते खोडायला शिवशिवला. त्यांनी तो मांडीवर दाबून धरला. पान जितकं बिघडत गेलं तितके टक्के उतरत गेले, आणि मग अडले.

"रीडिंगचा तक्ता जुळतोय म्हणून लालच राहतोय," दुर्गा म्हणाली. "बाकी सगळं हिरवं झालं."

"परत चढवून बघ."

तिने परत चढवलं. तक्ता लालच आला.

"मॅडम, बाकीच्यांनी आकडे बदलले, म्हणून त्यांचं सुटलं ना?"

"हो."

"तुम्ही पहिल्याच दिवशी बोललेलात, रीडिंग बदलणाऱ्याने माझ्या लॅबमध्ये पाय ठेवायचा नाही."

सुचित्राबाईंना तो दिवस आठवला. ते त्या दरवर्षी बोलत. ब्युरेटशी डोळा समपातळीत आणायचा आणि दिसेल ते लिहायचं. त्यांच्या मते सगळं विज्ञान एवढ्यावर उभं होतं. दुर्गाने ते ऐकलं होतं. वर्गात बहुधा तिने एकटीनेच.

शिपाई दारात येऊन कुलूप वाजवून गेला.

"सांगा ना, काय करू?"

"नऊ पूर्णांक आठच्या जागी दहा पूर्णांक एक लिही."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही एकसारखी नकोत. एकात थोडा फरक ठेव." त्यांचा आवाज नेहमीसारखाच स्पष्ट होता, शिकवताना असतो तसा. "उत्तरही त्याप्रमाणे पुन्हा काढ. नाहीतर जुळणार नाही."

दुर्गाने विनातक्रार आकडेमोड केली. ती बरोबर होती. दुर्गाची आकडेमोड कधी चुकत नसे.

"झालं हिरवं," ती म्हणाली आणि बाईंना न दाखवताच मोबाइल पिशवीत टाकला.