दोर नसलेलं खोगीर

सकाळची माळ पुरी होईपर्यंत मी पाणी पीत नाही. नवरा गेला त्या वर्षी संत फ्रान्सिस्कोला बोललेला नवस आहे हा. पण मेक्सिकोतल्या आमच्या सोनोराच्या वाळवंटात जूनमध्ये तो पाळायचा म्हणजे उजाडायच्या आधीच जीभ टाळ्याला चिकटते. माझा धाकटा भाऊ लिब्रादो यावरून मला रोज चिडवायचा.

त्याही दिवशी तो अंगणात राखी घोडीवर खोगीर कसत होता. मी माळ गुंडाळून पेला उचलला तशी म्हणाला, "विके, तुझ्या संताला सांग, तू वाचवलेलं पाणी माझ्या गायींना पाठव म्हणावं."

"संताला चेष्टा कळते हो," मी म्हटलं. "आवडतेच असं नाही."

ओब्दुलिया, त्याची बायको, वाळलं मांस भरलेल्या तोर्तियांचं, म्हणजे पोळ्यांचं, गाठोडं घेऊन आली. "येताना दोर परत आणा म्हणजे मिळवली. या घरातल्या सगळ्या पुरुषांचे दोर त्या फाटकाशी लग्न लावून बसलेत."

"साखळी आणून दे, मग दोर घरी नांदेल."

"दोर नांदवा नाहीतर बायको नांदवा. दोन्हींचं जमत नाही तुम्हाला."

तो हसला आणि घोडीवर बसला. त्याचं हसणं ऐकलं ते शेवटचं.

तो डोंगरातल्या झऱ्याकडे निघाला होता. त्या झऱ्याला आम्ही 'लपलेलं पाणी' म्हणतो. त्याच्याभोवती आजोबांनी रचलेला दगडी गडगा आहे, आणि आत जायला एकच तोंड. तोंडाला दोन्ही बाजूंनी मेस्कीट झाडाच्या लवचिक काठ्या रोवलेल्या, टोकं आतल्या बाजूला वळवलेली, मासे धरायच्या पाटीचं तोंड असतं तशी. गाय तहानेनं अंग घुसवते, काठ्या वाकतात, ती आत जाते आणि काठ्या तिच्या मागं मिटतात. परत फिरली की टोकं छातीत टोचतात. काट्याच्या त्या रानात घोडा घालून गुरं धरायची म्हटलं तर जन्म जाईल. म्हणून तहानच आमची गुराखी. काम संपलं की काठ्या ओढून खांबाला बांधून टाकायच्या, मग गुरं येतात, पितात, जातात. बांधायची साखळी गंजून तुटली, तेव्हापासून जो शेवटी निघेल तो आपल्या खोगिराचा दोर तिथं बांधून येतो. खोगिराला दोर नाही म्हणजे फाटक उघडं, हे आमच्या घरात प्रार्थनेच्या आधी शिकवलं जातं.

आदल्याच दिवशी लिब्रादो आणि त्याचा मुलगा फेर्मीन यांनी तिथून वासरं वेगळी काढून खाली आणली होती. वासरांमागं धावू नयेत म्हणून गायी आतच ठेवल्या होत्या, सगळ्या. त्यांना सोडायचं आणि फाटक बांधून यायचं, एवढंच काम उरलं होतं. पण ते टाळून चालण्यासारखं नव्हतं. झरा म्हणजे बोटाएवढी धार. एकेक गाय आली तर पुरते. सगळ्या कोंडून ठेवल्या तर त्या ओल तुडवून धारच बुजवतात, आणि जूनच्या उन्हात पाण्यावाचून गाय किती टिकणार? त्या गायींखेरीज आमच्याकडे काही नाही. सीमेपलीकडच्या तुसॉनचा मामा फेर्मीनला दर महिन्याला बोलवायचा, फरशा बसवायचं काम देतो म्हणायचा. लिब्रादोचं ठरलेलं उत्तर होतं, "गायी आहेत तोवर या घरातलं कुणी सीमा ओलांडणार नाही."

दुपार कलली तेव्हा घोडी एकटीच आली.

मी निवडुंगाचे काटे जाळत होते. गुरांना घालायच्या आधी ते जाळावे लागतात. धुरातून आधी तिचे पाय दिसले, मग लोंबकळणारा लगाम. खोगीर एका अंगाला घसरलेलं. ती दाराशी येऊन उभी राहिली आणि थरथरायला लागली.

फेर्मीन आणि आमचा शेजारी कोस्मे तसेच निघाले. अर्ध्या वाटेवर कोरड्या ओढ्याच्या वाळूत लिब्रादो सापडला. डोकं फुटलेलं, श्वास चालू. कोस्मेच्या गाडीतून त्याला घरापर्यंत आणलं, ते ओब्दुलियाला घेण्यापुरतं. ती मागे चढली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. फेर्मीननं चाक धरलं आणि मान बाहेर काढून ओरडला, "आत्या, खोगिराला दोर आहे का गं?"

मी पाहिलं. "नाही!"

"सोडल्या म्हणजे बाबांनी गायी." त्यानं कपाळाला, छातीला हात लावून क्रुसाची खूण केली. "एक तरी घोर मिटला."

"देव पावला," मी म्हटलं. गाडी धुळीत गेली.

मी घोडीचं खोगीर उतरवून छपरात ठेवलं. तिच्या छातीवर पट्टा रुतून सालपट निघालं होतं. पडताना लागलं असेल, असं समजून मी मिठाच्या पाण्यानं धुतलं. त्या दिवसांत मी घरात एकटी होते. कोंबड्या, घोडी आणि देव. नवसाच्या माळेखेरीज आणखी दोन माळा रोज लिब्रादोच्या नावानं ओढायला लागले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला परत आणलं. डॉक्टर चांगला माणूस होता म्हणे. त्यानं ओब्दुलियाला बसवून, पाणी देऊन सांगितलं, की डोक्यात रक्त सांडलंय, आता घरच्या माणसांत राहू द्या. लिब्रादोची उजवी बाजू गेली होती. वाचाही. डोळे मात्र जागे होते, आणि डावा हात.

त्या हाताला चैन नव्हतं. चादरीवर अंगठा उभा करायचा, बोटं त्याच्याभोवती फिरवल्यासारखी करायची, मग मूठ ओढायची. पुन्हा अंगठा, पुन्हा वेढा, पुन्हा ओढ. आणि डोळे आमच्याकडे.

"वन्सं, बघा हो," ओब्दुलिया कुजबुजली. "माळ ओढतायत."

मलाही तसंच दिसलं. ज्याच्या हातात आयुष्यभर लगामाखेरीज काही टिकलं नाही, तो शेवटी माळ मागतोय. ओब्दुलियानं तिच्या लग्नातली माळ काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती टाकली. तिनं पुन्हा दिली. त्यानं पुन्हा टाकली. तिसऱ्यांदा भिंतीवर फेकली, आणि घशातून एक आवाज काढला, रानात अडकलेल्या जनावरासारखा.

"देवावर रागावलेत," ती रडायला लागली.

"रागावू दे. देवाला सोसतो माणसाचा राग."

फेर्मीन पायथ्याशी बसला होता. "बाबा, काय हवंय? पाणी?" लिब्रादोनं डोळे गच्च मिटले, उघडले. फेर्मीननं पेला तोंडाला लावला. त्यानं पाण्याकडे पाहिलं, मग डोंगराकडच्या खिडकीकडे पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं.

शेवटी ओब्दुलियानं माळ पडू नये म्हणून त्याच्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधली. त्यानं त्या गाठीकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आम्हाला वाटलं, विरघळला. आम्ही दोघी गुडघ्यावर बसलो आणि मारियेचं गाणं म्हटलं. तो डोकं इकडून तिकडे हलवत राहिला. आम्ही म्हणत राहिलो.

सकाळी कोस्मे आला, बायकोनं दिलेलं कोंबडीचं सूप घेऊन. दारातूनच त्याची बडबड सुरू. "काय रे लिब्रादो, इतका आळशी कधीपासून झालास? माझी बायको म्हणते, तुझ्याकडे बघून मलाही लोळायची खोड लागेल."

लिब्रादोनं अंगठा उभा केला. कोस्मे हसला आणि त्यानंही अंगठा दाखवला. "शाबास, गड्या!"

मग तो घोडी बघायला छपरात गेला. परत आला तेव्हा टोपी हातात होती.

"विकाबाई, ते खोगीर कुणी नीट पाहिलंय?"

"का?"

"पुढची लाकडी मूठ जळालीय. दोराच्या घासानं काळे वळ पडलेत, बोट बसेल इतके खोल. कायतरी जड ओढत होता तो." त्याचा आवाज खाली आला. "फाटक बांधायला न्यायचा दोर मुठीला कशाला गुंडाळेल माणूस?"

फेर्मीनच्या हातात तोर्तिया होती, ती तशीच राहिली. आम्ही सगळे पलंगाकडे वळलो. माळ बांधलेला तो हात चादरीवर होता. अंगठा उभा. त्याभोवती वेढा. ओढ.

ओब्दुलिया म्हणाली, "अगं आई गं! दोर फाटकाला नाहीच."

मीही गेले. मला कुणी नको म्हटलं नाही, पाण्याच्या पिशव्या धरायला माणूस हवंच होतं. वाटेत फेर्मीन घोड्याला टाच मारत होता आणि कोस्मे मागून एवढंच म्हणत होता, "घोडा मारशील पोरा, हळू." शेवटच्या वळणाआधी घोडे थांबले आणि पुढे जाईनात. वास आम्हाला नंतर आला. गिधाडं गडग्यावर बसली होती, ओळीनं, निवांत. उडालीसुद्धा नाहीत.

तोंडाशी ढीग होता. एकीवर एक. पुढच्या गायींच्या छात्या त्या टोकांनी फाटल्या होत्या. मागच्यांनी त्यांना रेटलं असणार. गडग्याचे वरचे दगड जिभांनी चाटून गुळगुळीत झाले होते. जिथं पाणी असायचं तिथं भेगा पडलेला चिखल होता, आणि त्या चिखलात पोटापर्यंत रुतलेली लिब्रादोची आवडती तांबडी गाय. तिच्या शिंगांना त्याचा दोर. दुसरं टोक मोकळं, चिखलात पडलेलं.

आता कळायला अवघड नव्हतं. तो सोडायला आला, ही रुतलेली दिसली, आधी हिला बाहेर काढू म्हणाला. गडग्यावरून दोर टाकला, मुठीला गुंडाळला, घोडीला ओढायला लावलं. घोडी कोसळली असेल. डोकं फुटलेल्या माणसानं पुन्हा खोगिरावर चढून घराची वाट कशी धरली, ते देव जाणे. मदतच आणायला निघाला होता तो.

फेर्मीननं कुऱ्हाडीनं काठ्या तोडल्या. मागच्या सावलीत काही जिवंत होत्या. वाट मोकळी झाली तरी त्या हलल्या नाहीत. वाट असते हेच विसरल्या होत्या जणू. एक कालवड तेवढी अडखळत बाहेर आली. मी टोपीत पाणी ओतून तिच्या तोंडाशी धरलं. तिनं नाक बुडवलं, पण जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. ती माझ्या पायाशी बसली, मग आडवी झाली. पाणी वाळूत गेलं. मी प्रार्थना करायला तोंड उघडलं. रोजचे शब्द होते, पाठ असलेले. एकही आला नाही.

ज्यांच्यात थोडा जीव होता, त्यांच्यासाठी कोस्मेनं बंदूक काढली. मी पाठ फिरवली.

फेर्मीन चिखलात उतरून तांबडीच्या शिंगांचा दोर सोडवत बसला होता. गाठ ओढून ओढून दगडासारखी झाली होती.

"राहू दे रे," कोस्मे म्हणाला.

"बाबांनी विणलाय. घरातल्याच गायीच्या कातड्याचा." त्यानं दोर गुंडाळून खांद्याला लावला. "तेवढाच घरी येतोय. येऊ दे."

उतरताना तो मला म्हणाला, "आत्या, मामाला फोन करतो मी." मी 'हो' म्हटलं. नाही म्हणायला काय उरलं होतं?

घरी पोचलो तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत होतं. ओब्दुलिया दारात आली, आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता बाजूला झाली. लिब्रादो वाटच बघत होता. अंगठा उभा.

फेर्मीन पलंगाशी वाकला. वाटेत त्यानं काय ठरवलं होतं कोण जाणे, पण आवाज अगदी स्वच्छ होता. "सोडल्या, बाबा. सगळ्या सोडल्या. फाटक बांधून आलोय. पीत होत्या मस्त."

लिब्रादोची नजर त्याच्या तोंडावरून खांद्यावर गेली. तिथं दोर होता. चिखलानं माखलेला, घरी आलेला दोर.

फेर्मीनच्याही तेव्हाच लक्षात आलं. त्यानं दोरावर हात ठेवला, झाकल्यासारखा. मग काढून घेतला.

लिब्रादोचा अंगठा हळूहळू खाली आला आणि बोटं उघडी पडली. ओब्दुलियानं मनगटावरची गाठ सोडायला घेतली. हाताला सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. माळ घरंगळून त्याच्या तळहातावर आली.

या वेळी त्यानं ती टाकली नाही.