हिरामणची दारू

"बेवडों की मीटिंग ना? वो पीले स्कूल के पीछे," पानवाला म्हणाला आणि हिरामणकडं बघून हसला. "जाओ भाई, जाओ. भाभीजी खुद लेके आयी है, किस्मतवाले हो."

हिरामणनं मान खाली घातली आणि रिक्षा सुरू केली. मागं बसलेल्या राहीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उल्हासनगरात शिरल्यापासून हेच चाललं होतं. पत्ता कुणालाही विचारा, तो आधी हिरामणकडं बघणार, मग तिची कीव करणार. आणि हा बाबा गप्प. एकदा तरी म्हणावं, की भाऊ, मी नाही.

खरं तर हिरामण दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. लग्नात नाही, शिमग्याला नाही. पीत होती राही. ती घरी बसून कारखान्यातून आलेल्या जीन्सचे जादा धागे कापायची. सासू गेली त्या वर्षी झोप येत नाही म्हणून तिनं पहिल्यांदा घेतली, आणि पुढं झोपेचा काही संबंधच उरला नाही. क्वार्टर आणायचा हिरामण. बाईमाणसानं वाइन शॉपपुढं उभं राहायचं नाही, हा त्याचा कायदा. रिकाम्या बाटल्या टाकायलाही तोच जायचा. बदलापूर-कुळगावातल्या त्यांच्या बिल्डिंगमधल्या कौसाबाईनं ते बघितलं आणि गावभर केलं. रिक्षावाला म्हटल्यावर लोकांना वेगळा पुरावा लागत नाही.

गेल्या सोमवारी शाळेच्या मुलांच्या आयांनी त्याची रिक्षा बंद केली. "लहान पोरं आहेत आमची, काका. राग मानू नका." त्या पोरांना आजवर साधं खरचटू न देणारा हिरामण "बरं ताई" म्हणाला आणि परत आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. राही जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं खाली जाऊन सांगायला हवं होतं. ती वर गेली आणि उरलेली बाटली संपवली. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं स्वतःच कुठून तरी दारू सोडवणाऱ्या मीटिंगचा नंबर मिळवून फोन लावला. आज सकाळपासून काही न घेता ती निघाली होती. आज जमलं नाही तर पुन्हा जमायचं नाही, एवढं तिला कळत होतं.

शाळेमागच्या खोलीत दहा-बारा पुरुष बसले होते. पांढऱ्या मिशांचा एकजण उठला आणि त्यानं हिरामणला सरळ मिठीच मारली.

"या भाऊ, या. मी महिपती. मीपण बेवडाच. इथवर आलात, अर्धं काम झालं." त्यानं हिरामणला पुढच्या खुर्चीवर बसवलं, हातात चहा दिला. मग राहीकडं वळून हात जोडले. "वहिनी, लई सोसलंत तुम्ही. घरच्यांची मीटिंग रविवारी असते. आज जरा बाहेर बसा."

लई सोसलंत! राही तोंड उघडणार, तेवढ्यात हिरामण उभा राहिला.

"मी हिरामण," तो म्हणाला. "मी... पितो."

टाळ्या पडल्या.

राहीला त्या टाळ्या थोबाडीत बसल्यासारख्या लागल्या. दारू तिची, तलफ तिची, हातांचा कंप तिचा. आणि माणसं जिथं खरं बोलायला येतात, तिथंही नाव याचंच? मग ती बरी कशी होणार? याला औषध पाजून?

"बसा खाली!" ती ओरडली. "खोटं बोलतायत हे. यांनी जन्मात चाखली नाही. मी पिते. रोज पिते. आज घेतली नाही तर हे हात बघा माझे." तिनं दोन्ही हात पुढं केले. "बेवडी मी आहे."

कुणाला कुठं बघावं कळेना. एकानं उगाच मोबाइल काढला.

हिरामण चहा ठेवून तिच्याजवळ आला. राहीला वाटलं, आता हा मोकळा होईल, निदान सुस्कारा तरी टाकेल. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चल घरी," तो दात आवळून म्हणाला.

"का? खरं तेच बोलले ना?"

"मला बेवडा म्हणून हसतात, हसू दे. पुरुषाला खपून जातं. पण बायको बेवडी? उद्या स्टँडवर कुठल्या तोंडानं उभा राहू? चारचौघांत इज्जत घालवलीस माझी."

इतकी वर्षं हा माणूस झाकत होता खरा, पण कुणाला, ते तिला आज कळलं. त्याच्या उपकारांखाली ती मान खाली घालून जगली होती, आणि ती मान विसरायला आणखी प्यायली होती. तिला इतका संताप आला, की रडूही येईना.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी थांबते."

"मी गेलो तर परत न्यायला यायचा नाही, सांगून ठेवतो."

"नका येऊ."

तो गेला. बाहेर रिक्षा सुरू झाली आणि थोडा वेळ जागेवरच घुरघुरत राहिली. खोलीतले सगळे कान देऊन होते. मग तो आवाज गल्लीच्या टोकाला गेला आणि ऐकू येईनासा झाला.

महिपतीनं घसा खाकरला. "ताई, इथं आजवर बाईमाणूस आलंच नव्हतं. चुकलं आमचं. बसा."

राही बसली.

"इथून बदलापूरला शेअर रिक्षा मिळते का?" तिनं विचारलं.

"अंबरनाथपर्यंत मिळते. पुढं दुसरी बघावी लागते."

"बघेन," ती म्हणाली आणि पदर खांद्यावरून ओढून घेतला. "आता बोलते मी."